लॅव्हेंडर तेलात लिनॅलिल ॲसिटेट दर वेळी कमी भरते : समस्या निवारण

लक्षण असे. एकाच बाटलीतले लॅव्हेंडर तेल जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातली संयुगे वेगळी करून मोजणारे यंत्र) सोमवारी चालवले तर लिनॅलिल ॲसिटेट, म्हणजे त्याचे मुख्य सुगंधी एस्टर, ३६ टक्के येते, गुरुवारी ३१. त्याच लॉटची सुकी फुले प्रयोगशाळेत क्लेव्हेंजरवर (फुले पाण्यात उकळून तेल काढायचे काचेचे उपकरण) ठेवून काढलेल्या तेलात ते जेमतेम २२ भरते. युरोपियन फार्माकोपियात (औषधी पदार्थांच्या मानकांच्या ग्रंथात) खालची मर्यादा २५ टक्के आहे, म्हणजे बाटलीतले तेल पास आणि त्याच लॉटच्या फुलांचे तेल नापास. अशा वेळी दोष बहुधा कॉलमच्या (जीसीतल्या, संयुगे वेगळी करणाऱ्या लांब बारीक नळीच्या) माथी मारला जातो आणि महागडा कॉलम बदलूनही आकडा जागेवर येत नाही.

कॉलमला हात लावण्याआधी जुना आणि नवा क्रोमॅटोग्राम (जीसीचा आलेख, त्यात प्रत्येक संयुगाचे एक शिखर) एकावर एक ठेवा. लिनॅलिल ॲसिटेट कमी झाले ते दिसतेच. पाहायचे आहे ते त्याच्या बदल्यात काय वाढले. हे संयुग हवेत विरत नाही, ते कशात तरी बदलते, आणि कशात बदलले यावरून घट नेमकी कुठे झाली ते कळते.

वाढलेली शिखरे काय सांगतात

लिनॅलिल ॲसिटेट हे तृतीयक अल्कोहोलचे एस्टर आहे आणि त्याच्या ऑक्सिजनजोडाशेजारीच दुहेरी बंध आहे. त्यामुळे हा जोड सैल असतो. थोडेसे आम्ल किंवा थोडी उष्णता मिळाली की ॲसिटेट सुटते आणि मागे धनभारित कार्बन उरतो. आजूबाजूला पाणी असेल तर त्यातून लिनॅलूल, आल्फा-टर्पिनिऑल, नेरॉल आणि जिरॅनिऑल तयार होतात. पाणी नसेल आणि उष्णता भरपूर असेल तर प्रोटॉन सुटून मिर्सीन, दोन्ही ऑसिमीन आणि थोडे लिमोनीन तयार होते.

म्हणून लिनॅलूल आणि आल्फा-टर्पिनिऑल वर गेले आणि मिर्सीन तेवढेच राहिले, तर गडबड ऊर्ध्वपातनात किंवा ओलसर साठवणीत आहे. मिर्सीन आणि ऑसिमीन वाढले, लिनॅलूल जवळपास तेवढेच राहिले, तर घट इंजेक्टरमध्ये, म्हणजे नमुना तापवून वाफ करणाऱ्या जीसीच्या तोंडात, होते आहे. लिनॅलूल ऑक्साइडची जोडी आणि कॅरिओफायलीन ऑक्साइड डोके वर काढू लागले, तर बाटलीला हवा लागली आहे. आणि यातले काहीच वाढलेले नसताना टक्केवारी फिरते आहे, तर घोळ डिटेक्टरमध्ये किंवा हिशेबात आहे.

एक सावधगिरी. ऑसिमीन दिसले म्हणजे लगेच इंजेक्टर दोषी असे नाही. सिस-बीटा-ऑसिमीन चांगल्या लॅव्हेंडर तेलातही मुळात काही टक्के असते. ते असणे हा पुरावा नव्हे, त्याच तेलात ते बदलणे हा पुरावा.

इंजेक्टरची परीक्षा

ही परीक्षा अर्ध्या दिवसात होते आणि बहुतेक प्रकरणे इथेच सुटतात. तेल घेऊ नका, शुद्ध लिनॅलिल ॲसिटेटचे स्टँडर्ड घ्या. हेक्झेनमध्ये १ मिलिला १ मिग्रॅ असे द्रावण करा. इंजेक्टर १८०, २००, २२० आणि २५० °से. वर ठेवून प्रत्येक तापमानाला तीन-तीन वेळा १ मायक्रोलिटर सोडा, स्प्लिट १:५० (म्हणजे ५० पैकी सुमारे एकच भाग कॉलममध्ये जातो). बाकी काहीही बदलू नका.

स्टँडर्डमध्ये मुळात थोडे लिनॅलूल असते, ते चारही तापमानांना तेवढेच राहायला हवे. मिर्सीन आणि ऑसिमीनच्या जागी १८० अंशांना काहीच नाही आणि २५० अंशांना ठळक शिखरे, असे चित्र असेल तर निदान झाले. लिनॅलिल ॲसिटेटचा उत्कलनबिंदू २२० अंशांच्या आसपास आहे. तेलाच्या विरळ द्रावणासाठी इंजेक्टर २५० वर ठेवायची गरज नसते, २०० ते २२० पुरेसे होते.

मात्र नुसते तापमान उतरवून थांबू नका. नव्या, स्वच्छ, डीॲक्टिव्हेट केलेल्या (सक्रिय जागा झाकलेल्या) लायनरमध्ये, म्हणजे इंजेक्टरमधल्या काचेच्या नळीत, हे एस्टर २५० अंशांनाही बऱ्यापैकी टिकते. ते मोडते मळलेल्या काचेवर. काचेवरचे उघडे सिलॅनॉल गट सौम्य आम्लासारखे वागतात. त्यावर आधीच्या नमुन्यांतले मेण, रेझिन आणि सेप्टमचे (सुई जिच्यातून आत जाते त्या रबरी चकतीचे) कण साचले की प्रत्येक इंजेक्शनला एस्टरचा थोडा भाग जातो. सोमवार-गुरुवारचा फरक येतो तो इथून: मधल्या दिवसांत फुलांचे अर्क चालवलेले असतात आणि लायनरमध्ये मेणाचा थर बसलेला असतो.

दुरुस्ती या क्रमाने करा. सेप्टम बदला. लायनर बदला, नवा डीॲक्टिव्हेट केलेलाच घ्या. लायनरमध्ये काचलोकर असेल तर तीही डीॲक्टिव्हेट केलेली हवी. साधी काचलोकर बोटांनी किंवा चिमट्याने कोंबली की तिचे तंतू तुटतात आणि प्रत्येक तुटलेले टोक नवी सक्रिय जागा होते. जुना लायनर क्रोमिक आम्लाने किंवा भट्टीत जाळून स्वच्छ केला तर तो डोळ्यांना चकचकीत दिसतो, पण त्याचा संरक्षक थर निघून गेलेला असतो. पुन्हा सिलेनाइझ केल्याशिवाय तो वापरू नका. मग इंजेक्टरच्या तळाची धातूची चकती पाहा, ती डागाळली असेल तर बदला. शेवटी कॉलमच्या इंजेक्टरकडच्या टोकाचे १० ते २० सेंमी कापा. प्रत्येक पायरीनंतर तेच स्टँडर्ड पुन्हा सोडा, नाहीतर आकडा कशाने सुधारला ते कळणार नाही आणि पुढच्या महिन्यात सगळे पहिल्यापासून करावे लागेल.

मिर्सीनच्या जागी नीट शिखर न येता लिनॅलिल ॲसिटेटच्या आधी बेसलाइन फुगून आली असेल, तर मोड कॉलमच्या आत, वाटेवर होते आहे. तेव्हा लायनर बदलून भागत नाही. कॉलम अर्धा मीटर कापून पाहा, त्यानेही फुगवटा गेला नाही तर कॉलम खरोखरच बदला.

इंजेक्टरवर पूर्ण विश्वास बसत नसेल तर उष्णतेला वगळणारी एक जुनी पडताळणी आहे, ती म्हणजे एस्टर मूल्य. २ ग्रॅम तेल नेमके तोला, फिनॉल्फ्थॅलीन टाकून मुक्त आम्ल आधी उदासीन करा. त्यात अल्कोहोलमधले ०.५ मोलर पोटॅशियम हायड्रॉक्साइड २५ मिलि घालून ३० मिनिटे रिफ्लक्स करा (वाफ थंड होऊन परत पडेल असे उकळा) आणि ०.५ मोलर हायड्रोक्लोरिक आम्लाने मागे टायट्रेट करा. तेलाशिवाय एक ब्लँक याच रीतीने चालवा. दोन्ही वाचनांतला फरक २८.०५ ने गुणून तेलाच्या ग्रॅमनी भागला की एस्टर मूल्य मिळते. ते ०.३५ ने गुणा, लिनॅलिल ॲसिटेट धरून टक्केवारी मिळते. २ ग्रॅम तेलाला फरक ७.७ मिलि आला तर एस्टर मूल्य १०८ आणि एस्टर सुमारे ३८ टक्के. टायट्रेशन सगळीच एस्टरे मोजते, लॅव्हँड्युलिल ॲसिटेटही त्यात येते, म्हणून हा आकडा जीसीपेक्षा थोडा जास्त येणे ठीक आहे. तो ३८ आणि जीसी २७ दाखवत असेल, तर तेल चांगले आहे आणि जीसी ते मोडते आहे.

फुलांपासून काढलेल्या तेलात घट

खरे पाणी मुरते ते क्लेव्हेंजरमध्ये. फुले पाण्यात बुडवून उकळतात, फुलांतली सेंद्रिय आम्ले त्या पाण्यात उतरतात आणि एस्टर तासन्‌तास गरम आम्लधर्मी पाण्यात राहते. हिशेब सरळ आहे. लिनॅलिल ॲसिटेटचा रेणुभार १९६.३, लिनॅलूलचा १५४.३. म्हणजे १० मिग्रॅ एस्टर मोडले की अल्कोहोले मिळून सुमारे ७.९ मिग्रॅ होतात आणि ३ मिग्रॅ ॲसेटिक आम्ल सुटते. ते आम्ल पाण्याचा सामू आणखी उतरवते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या तासात मोड वेग घेते. उकळ जास्त वेळ चालली तर लिनॅलूलचे थोडे रेसेमीकरणही (एका आरसारूपाचे दुसऱ्यात बदलणे) होते. पुढे कायरल विश्लेषण (दोन आरसारूपे वेगळी मोजणे) करायचे असेल तर हे विसरू नका.

फुलात मुळात किती एस्टर होते ते कळल्याशिवाय ऊर्ध्वपातनाला दोष देता येत नाही. त्यासाठी थंड अर्क काढा. १ ग्रॅम सुकी फुले, १० मिलि हेक्झेन, अंतर्गत स्टँडर्ड (मोजणीला आधार म्हणून ठाऊक प्रमाणात घातलेले संयुग) म्हणून टेट्राडेकेन, झाकण घट्ट लावून ४ अंशांवर रात्रभर. सकाळी गाळा, निर्जल सोडियम सल्फेटवरून न्या आणि चालवा. या अर्कातले लिनॅलिल ॲसिटेट आणि लिनॅलूल यांचे गुणोत्तर हा तुमचा संदर्भ. क्लेव्हेंजरच्या तेलात तेच गुणोत्तर निम्म्यावर आले, तर घट पाण्यात झाली. थंड अर्कातच ते कमी असेल, तर उकळीला बोल लावू नका, फुले आधीच तशी आहेत.

अंतर्गत स्टँडर्ड म्हणून अनडेकेन निवडू नका. ५ टक्के फिनाइलच्या कॉलमवर त्याचा निर्देशांक (अल्केनांच्या तुलनेत शिखर कुठे येते ते सांगणारा आकडा) व्याख्येनेच ११००, आणि लिनॅलूल येते १०९५ ते ११०० च्या दरम्यान. दोघे एकमेकांवर बसतात आणि लिनॅलूल फुगल्यासारखे दिसते. ट्रायडेकेनही असेच लॅव्हँड्युलिल ॲसिटेटच्या फार जवळ पडते.

ऊर्ध्वपातन सुधारायचे तर पहिला पर्याय म्हणजे फुले पाण्याबाहेर ठेवणे. फ्लास्कवर जाळीचा कप्पा बसवून त्यात फुले भरा आणि खालून वाफ जाऊ द्या. बाष्प-ऊर्ध्वपातनात एस्टर फार चांगले टिकते, प्रोव्हान्स आणि बल्गेरियातले व्यापारी तेल असेच निघते. जाळी नसेल तर २० ग्रॅम फुलांना ५०० मिलि पाणी घ्या, पाणी उकळू लागल्यावर फुले टाका, थेंबांचा वेग मिनिटाला २ ते ३ मिलि ठेवा आणि दोन तासांवर थांबा. संथ आच ठेवून चार तास चालवणे ही सर्वांत वाईट रीत: तेल थोडे जास्त मिळते, पण शेवटच्या तासात येते ते बहुतांश जड आणि मोडलेले.

फुले दळायची की नाही, यावर वाद होतो. लॅव्हेंडरच्या तेलग्रंथी फुलाखालच्या निळसर पेल्यावर, त्याच्या शिरांमधल्या खाचांत, पृष्ठभागावरच असतात. वाफेला त्या आपोआप सापडतात. मिक्सरमध्ये दळले की ग्रंथी फुटतात, भांडे तापते आणि मिर्सीनसारखी हलकी संयुगे झाकण उघडताच उडतात. त्यामुळे ऊर्ध्वपातनासाठी दळू नका. देठ मात्र वेगळे काढा, कारण त्यात तेल नगण्य असते आणि दर किलोचा उतारा उगाच कमी दिसतो.

पावसाळ्यात एक वेगळा घोळ होतो. जम्मूतल्या भदरवाहमधून आलेली नीट सुकवलेली फुले मुंबईत किंवा कोकणात जुलैभर साध्या पिशवीत राहिली तर ओल धरतात. उतारा कोरड्या वजनावर काढला नाही तर तो घटल्यासारखा दिसतोच, शिवाय ओलीत एस्टरही हळूहळू मोडते. फुले हवाबंद डब्यात ठेवा आणि प्रत्येक वेळी ओलावा मोजा. तो टोल्युइनच्या पद्धतीने मोजा. १०५ अंशांच्या ओव्हनमध्ये पाण्याबरोबर तेलही उडते आणि ओलावा खोटा जास्त येतो.

कोणत्या आकड्याची कोणाशी तुलना

फार्माकोपियातल्या मर्यादा एफआयडीवरच्या (संयुग ज्योतीत जाळून मोजणारा डिटेक्टर) शिखरांच्या क्षेत्रफळाच्या टक्केवारीत आहेत. जीसी-एमएसच्या (जीसीला जोडलेला वस्तुमान-मापक) एकूण आयन क्रोमॅटोग्रामवरून काढलेली टक्केवारी त्यांच्याशी ताडून पाहणे चूक आहे, तरी ती चूक रोज होते. एमएसमध्ये प्रत्येक संयुग वेगळ्या प्रमाणात आयन देते आणि ते प्रमाण ट्यूनिंगबरोबर बदलते. लिनॅलिल ॲसिटेटचे ठळक आयन एम/झेड (आयनाचे वस्तुमान भागिले भार) ९३ आणि ४३ आहेत. स्कॅन ५० पासून सुरू केला असेल तर ४३ मोजलाच जात नाही आणि एस्टर आपोआप कमी भरते. स्कॅन ४० किंवा त्याखालून सुरू करा, एमएस ओळखीसाठी वापरा, टक्केवारी एफआयडीवरून काढा.

एफआयडीची टक्केवारीही वजनाची टक्केवारी नसते. एस्टरमधला कार्बोनिल कार्बन ज्योतीत जवळपास काहीच प्रतिसाद देत नाही. परिणामी कार्बनसंख्येवरून काढल्यास, तेवढ्याच वजनाच्या लिनॅलूलपेक्षा लिनॅलिल ॲसिटेटचे क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के कमी येते, आणि लिमोनीनसारख्या हायड्रोकार्बनचे सुमारे १६ टक्के जास्त. वजनात उत्तर हवे असेल तर लिनॅलूल १ धरून लिनॅलिल ॲसिटेटला १.१५ ने गुणा. मानकाशी तुलना करायची असेल तर हा गुणक लावू नका. दोन अहवालांतला चार-पाच टक्क्यांचा फरक पुष्कळदा एवढ्यावरच मिटतो.

तेल न विरळवता ०.२ मायक्रोलिटर सोडण्याची सवयही मोडायला हवी. लिनॅलूलचे शिखर पुढून तिरके आणि मागून कड्यासारखे सरळ तुटलेले दिसले की कॉलमवर भार जास्त झाला आहे. तेव्हा शिखराचा माथा उशिरा सरकतो, निर्देशांक चुकतो आणि शेजारची छोटी शिखरे त्याच्या पोटात जातात. हेक्झेनमध्ये १ टक्का द्रावण, १ मायक्रोलिटर, स्प्लिट १:१०० ठेवा, कॉलमवर एकूण १०० नॅनोग्रॅमच जाते. विरळवायला मिथेनॉल वापरू नका. त्यात आम्ल-अल्कलीचा अंश असला तर ट्रेमध्ये रात्रभर थांबलेल्या कुपीत एस्टरची अदलाबदल होते.

नावे चुकण्याच्या जागा

मोनोटर्पीनांचे वस्तुमान-आलेख एकमेकांची भावंडे असतात, ९३ सगळ्यांतच मोठा. एमएसच्या लायब्ररीने (संदर्भ-आलेखांच्या संग्रहाने) ९५ टक्के जुळणी दाखवली तरी निर्देशांक काढल्याशिवाय नाव लिहू नका. अल्केनांचे मिश्रण त्याच तापमानक्रमावर चालवा. डेकेन १२.४० मिनिटांना, अनडेकेन १६.२० ला आणि तुमचे शिखर १६.०५ ला आले, तर निर्देशांक १००० अधिक १०० गुणिले ३.६५ भागिले ३.८०, म्हणजे १०९६. लिनॅलूल. लिनॅलिल ॲसिटेट याच ५ टक्के फिनाइलच्या कॉलमवर १२५५ च्या आसपास, कापूर ११४५, टर्पिनेन-४-ऑल ११७५.

या कॉलमवर लिमोनीन, १,८-सिनिओल आणि बीटा-फेलँड्रीन एकाच ढिगात येतात. लॅव्हँड्युलॉल आणि बोर्निऑलही जवळजवळ एकत्र. यांच्यावर निर्णय अवलंबून असेल तर वॅक्स (जास्त ध्रुवीय) कॉलमवर दुसरी फेरी हवीच. पण वॅक्सवर लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे दोघेच अगदी शेजारी येतात, आणि टर्पिनेन-४-ऑल व लॅव्हँड्युलिल ॲसिटेट वेगळे करायला तापमान मिनिटाला २ अंशांपेक्षा वेगाने चढवू नये. एकाच कॉलमवर लॅव्हेंडरचा पूर्ण अहवाल देता येत नाही.

सगळे ठीक असूनही आकडा कमी

मग तेलच तसे आहे. कापूर पाहा. खऱ्या लॅव्हेंडरसाठी फार्माकोपिया १.२ टक्क्यांपर्यंतच कापूर मान्य करते. तो ६ ते ८ टक्के, जोडीला सिनिओल ४ ते ७ आणि बोर्निऑलही ठळक असेल, तर हातात ग्रोसो जातीचे लॅव्हँडिन (लॅव्हेंडर आणि स्पाइक लॅव्हेंडरचा संकर) आहे, नाव काहीही छापलेले असो. लिनॅलिल ॲसिटेट फारच थोडे आणि सिनिओल-कापूर भरभक्कम असेल तर स्पाइक लॅव्हेंडर, म्हणजे वेगळीच प्रजाती.

उलट बाजूने, आकडे अति देखणे असतील तरी थांबा. संश्लेषित लिनॅलूल आणि लिनॅलिल ॲसिटेट घालून टक्केवारी जुळवता येते. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या कायरल कॉलमवर ते उघडे पडते: नैसर्गिक लॅव्हेंडरमध्ये दोन्ही संयुगे आर रूपात (दोन आरसारूपांपैकी एक, दुसरे एस) असतात. मानकात लिनॅलूलचे एस रूप १२ टक्क्यांपर्यंत आणि लिनॅलिल ॲसिटेटचे १ टक्क्यापर्यंतच चालते. लिनॅलूल ऊर्ध्वपातनात थोडे रेसेमीकृत होऊ शकते, म्हणून त्याला सूट जास्त आहे. निर्णय एस्टरवरून घ्या. हो-वूड तेलातले (कापराच्या झाडाच्या लाकडाचे तेल) लिनॅलूलही आर रूपातच असते, त्यामुळे ते मिसळलेले असेल तर लिनॅलूलची कायरल चाचणी गप्प बसते. तेव्हा लॅव्हँड्युलिल ॲसिटेट, ३-ऑक्टॅनोन यांसारखी लहान शिखरे मुख्य शिखरांच्या प्रमाणात आहेत का ते तपासावे लागते.

हेडस्पेस एसपीएमईचे (कुपीतल्या फुलांवरच्या हवेतली संयुगे लेप दिलेल्या तंतूवर, म्हणजे फायबरवर, गोळा करण्याच्या पद्धतीचे) आकडे या कशाशीच ताडू नका. फायबर हलक्या संयुगांकडे झुकतो, सच्छिद्र थर भरला की जड रेणू हलक्यांना बाहेर ढकलतात. २० मिलि कुपीत ०.१ ग्रॅम फूल, ४० अंश, २० मिनिटे आणि १०० मायक्रॉनचा पीडीएमएस (सिलिकोनच्या थराचा) फायबर, एवढ्याने दोन नमुन्यांची आपसांत तुलना नीट होते. तेलाची टक्केवारी त्यातून मिळत नाही.

ही तक्रार परत येऊ नये म्हणून एक चांगले लॅव्हेंडर तेल निर्जल सोडियम सल्फेटवर कोरडे करून २ मिलिच्या गडद कुप्यांत काठोकाठ भरा, वर नायट्रोजन सोडा आणि ४ अंशांवर ठेवा. दर आठवड्याला नवी कुपी उघडा आणि नमुन्यांच्या आधी तिचे द्रावण चालवा. वहीत दोनच गुणोत्तरे लिहा: लिनॅलिल ॲसिटेट भागिले लिनॅलूल, आणि मिर्सीन भागिले लिनॅलिल ॲसिटेट. दुसरे गुणोत्तर सलग दोन आठवडे चढले की त्या दिवशी नमुना चालवू नका, लायनर बदला.